सोनमातेच्या मुकुटाखाली

हॉलमध्ये मुंगीलाही शिरायला जागा नव्हती, पण माझ्या मावशीला आजवर कुठे जागा कमी पडलेली नाही. एका हाताने आईला आणि दुसऱ्या हाताने मला ओढत, "जरा सरका हो, आमच्यात पेशंट आहे," असं धडधडीत खोटं बोलत तिने आम्हाला थेट दुसऱ्या रांगेत नेऊन बसवलं. पेशंट म्हणजे आमची होणारी वहिनी. ती अगदी ठणठणीत होती आणि मागून हसत हसत येत होती. तिच्यामागे दादा, दोन्ही हातांत सगळ्यांच्या पिशव्या घेऊन.

दिवे गेले. स्टेजच्या मागून एकच दिवा पेटला आणि त्या उजेडात सोनमाता आली.

हॉलभर एकच "अहाहा!" उठलं. कमरेपर्यंत मोकळे सोडलेले पिवळेधमक केस, मागून उजेड आणि डोक्यावर कपाळापासून कानापर्यंत घट्ट बसलेला चकचकीत मुकुट. लोकांनी तोंडात बोटं घातली. मावशीने तर अख्खी मूठ घातली असेल. अधूनमधून माता मुकुटाखाली बोट घालून काहीतरी करायची, तेव्हा शेजारची बाई कुजबुजली, "किरण हलतोय आत."

"कसला किरण?" मी विचारलं.

"कळेल, कळेल. गप्प बसा."

कळलं. कसोटीबाबा माइक घेऊन आले. पांढरीशुभ्र भरघोस दाढी, आणि बोलताना ती कुरवाळायची सवय.

"भक्तांनो! केस म्हणजे काय? केस म्हणजे आत्म्याची मुळं! झाडाची मुळं खाली, माणसाची वर! या मातेचे केस तुमच्यासारखेच काळे होते. एका पहाटे सूर्याचा एक किरण वाट चुकला आणि थेट मातेच्या टाळूत शिरला! व्हायब्रेशन वाढलं! आत्म्याचं सोनं झालं आणि ते केसांतून बाहेर आलं!"

मी शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या वर्गातली मुलं वाट चुकतात, बस वाट चुकते, पण सूर्याचा किरण वाट चुकलेला मी पहिल्यांदाच ऐकला. मी हसू दाबायला खोकले, तर मावशीने चिमटा काढला.

"पण सावधान!" बाबा गरजले. "बाजारात मुलामा फार झालाय! केस रंगवून फिरणाऱ्या खोट्या सोन्याला माझी कसोटी ओळखते! ज्याचे केस खोटे, ते माणूस खोटं!"

आमची वरात तिथे का गेली होती, ते आता सांगते. वहिनीचे केस सोनेरी आहेत. जन्मापासून. तिची आजी थंड मुलखातली. तिच्याकडून ते हिच्या आईकडे आले आणि आईकडून हिच्याकडे. वहिनी पोहण्याच्या तलावावर मुलांना शिकवते आणि दादा तिथले टॉवेल धुवायला न्यायचा, कारण आमची लाँड्री आहे. टॉवेल नेता नेता स्वारी स्वतःच वाहून गेली. लग्न पंधरवड्यावर आलं होतं आणि तेवढ्यात मावशीने आईचे कान भरले. "अगं, काळ्या केसांच्या दुनियेत हिचेच कसे सोनेरी? रंगवले असणार. आज केसांचं खोटं बोलते, उद्या कशाचं बोलेल?"

आईला रंगाचं काही नव्हतं. मनाने ती चांगली आहे. पण खोटं बोललेलं तिला चालत नाही, आणि मावशीने नेमकं त्याच दुखऱ्या जागी बोट ठेवलं. मावशीनेच कसोटीबाबांकडे जायचं सुचवलं, आणि वहिनीला येतेस का विचारलं तर ती म्हणाली, "होऊन जाऊ दे की कसोटी! मला कशाची भीती?" आणि अशी ती बिचारी हसत हसत सापळ्यात येऊन बसली.

बाबांनी तिला वर बोलावलं. एका शिष्येने तिच्या वेणीच्या टोकाला पांढरी भुकटी चोळली. "ही शुद्धीची भुकटी," बाबा म्हणाले. मग त्यांनी कात्रीने एक बट कापली आणि काचेच्या वाडग्यात सोडली. वाडग्यात फिकट चहाच्या रंगाचं 'कसोटीचं पाणी' होतं.

बट काळी पडली. नुसती काळी नाही, निळीकाळी, शाईत बुडवल्यासारखी!

"सोन्याचा कोळसा!" बाबा ओरडले.

मग त्यांनी सोनमातेच्या केसांचं टोक कापलं. "मातेला शुद्धीची काय गरज?" असं म्हणत ते तसंच पाण्यात सोडलं. ते पिवळंच राहिलं. टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी होतं. बाबांनी वहिनीची काळी बट चिमट्याने उचलली आणि स्टेजवरच्या मोठ्या बाटलीत टाकून घट्ट झाकण लावलं. बाटलीवर लिहिलं होतं, 'खोटे'. मग वाडग्यातलं पाणी आशीर्वाद म्हणून पुढच्या रांगांवर शिंपडलं. माझ्या बाहीवर दोन थेंब आले. आईवर एकही नाही, कारण ती मावशीच्या आड होती, आणि मावशीच्या आड अख्खं कपाट मावतं.

आई उठून उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता. "हे लग्न होणार नाही," ती म्हणाली. फार मोठ्याने नाही, पण हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू गेलं.

वहिनीचं हसू मावळलं. तिने दादाकडे पाहिलं. आमचे दादासाहेब हातातल्या पिशव्यांकडे पाहत होते. माझा इतका संताप झाला की त्या पिशव्या त्याच्याच डोक्यात घालाव्यात असं वाटलं.

बाहेर पडल्यावर मी वहिनीचा हात धरला. "वहिनी, उद्या आपण परत येऊ. मी सिद्ध करते की..."

"मी नाही येणार." तिचे डोळे भरले होते, पण आवाज पक्का होता. "मी काय नोट आहे, उजेडात धरून खरी-खोटी बघायला? ज्यांच्या घरी मी येणार होते, त्यांनी एकदा मला विचारायला हवं होतं. वाडग्याला कसलं विचारता?"

आणि ती गेली.

घरी आल्यावर मी आईवर तोफ डागली. आईनेही उलट डागली.

"मी काय आंधळी आहे का?" आई म्हणाली. "मी आधीच बघून ठेवलंय. बुडाशी गडद, टोकाला फिकट, मध्येच हिरवट! माणसाच्या डोक्याला तीन रंग असतात का कुठे?"

"अगं आई, तीन रंग आहेत म्हणूनच ते खरे! बाटलीतला रंग सगळ्या केसांना एकाच मापाने बसतो, भिंतीला चुना दिल्यासारखा. खऱ्या सोनेरी केसांत पाच-पन्नास छटा असतात. टोकं जुनी, त्यांनी जास्त ऊन खाल्लेलं, म्हणून फिकट. बुडाशी नवीन, म्हणून जरा गडद. पण तो रंग उतरत उतरत जातो, मध्ये कुठे रेघ नसते. रंगवलेल्या डोक्याला मुळाशी रेघ पडते, कारण रंगाच्या खालून केस आपला वाढतोच! आणि तिच्या हातावरची लव बघ, पापण्या बघ. त्याही सोनेरी आहेत. पापण्या कोण रंगवतं?"

"आणि हिरवट झाक?"

"तलावाच्या पाण्यात तांबं उतरतं, ते फिकट केसांवर बसतं."

"उचलली जीभ लावली टाळ्याला," आई म्हणाली. "मग बट काळी का पडली, ते सांग."

ते मला सांगता येईना, आणि शिक्षकाला 'माहीत नाही' म्हणायला लागलं की जेवण गोड लागत नाही. दादा तर जेवलाच नाही. तो मुकाट्याने मशीनसमोर बसून टॉवेल फिरताना बघत होता. मी त्याला विचारलं, "तुझ्या तोंडाला काय कुलूप लागलंय?" तर म्हणाला, "तिला तोंड कसं दाखवू?" मी म्हटलं, "आधी आईसमोर तोंड उघड, मग दाखवायचं बघू."

सकाळी मला जाग आली ती आईच्या ओरडण्याने.

इथे आमच्या घराची एक खोड सांगायला हवी. आजकाल कपड्यांना पिठाची खळ कोण घालतं? आमच्याशिवाय कुणी नाही. लाँड्रीवाल्याच्या घरातलं माणूस मऊ कपड्यांत रस्त्यावर दिसलं तर गिऱ्हाईक काय म्हणेल, अशी आईची भीती. त्यामुळे आमच्या बाह्या इतक्या कडक की त्यावर पोळी लाटावी. आणि गिऱ्हाइकांच्या कपड्यांवरच्या डागांचं आईला वेड आहे. डाग बघून ती माणसाने काय खाल्लं, कुठे धडपडला, कुणाशी भांडला, सगळं सांगते.

"किती वेळा सांगितलं या पोरीला!" आई माझा सदरा हवेत नाचवत होती. "जखमेला औषध लावलं तर बाही वर करायची! आता हा निळा डाग! खळीवर आयोडिन पडलं की असंच होतं, ओरडून ओरडून माझा घसा..."

तिचा घसा तिथेच बसला.

मी अंथरुणातून ताडकन उठले. सदऱ्याच्या बाहीकडे पाहिलं. दोन थेंब. दोन निळेकाळे डाग.

"आई," मी हळूच म्हटलं, "मला कुठेही जखम झालेली नाही. ते कसोटीचं पाणी आहे."

आईने सदरा नाकाशी नेला. मग खिडकीशी नेला. मग खळीच्या पातेल्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आणि मला त्या क्षणी काय आनंद झाला म्हणून सांगू! मी अंथरुणावरच नाचले. एवढी साधी गोष्ट, सातवीच्या पुस्तकातली! पिठावर आयोडिन टाका, निळं होतं! मी स्वयंपाकघरात धावले, चिमूटभर पीठ बशीत घेतलं, औषधाच्या पेटीतली तपकिरी बाटली पाण्यात पातळ करून त्यावर ओतली. निळं! काळं! दादाने बोट बुडवलं. मी एका पांढऱ्या दोऱ्याला पीठ लावून तो बुडवला. काळा! नुसता दोरा बुडवला. जरासा पिवळट, बाकी काही नाही.

"शुद्धीची भुकटी म्हणजे पीठ," मी म्हणाले. "वहिनीला चोळली, मातेला नाही चोळली. एवढीच ती कसोटी! बट केसामुळे काळी पडलीच नाही!"

आईने खळीच्या पातेल्यात हात घातला. "जन्म गेला माझा खळीत हात घालून," ती म्हणाली, "आणि त्या मेल्याने मला खळीनेच फसवलं?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाण्यामागून राग आला. आईचा राग म्हणजे काय, ते ज्यांनी इस्त्रीत जळलेला सदरा परत आणून दाखवला आहे त्यांना ठाऊक आहे.

"लिंबं घ्या," ती म्हणाली. "आयोडिनचा डाग लिंबानेच जातो. आणि माझा पांढरा रुमाल. कडक खळीचा."

त्या दिवशी हॉलमध्ये मावशीने आमच्यासाठी पुन्हा जागा काढली. आई शहाणी होऊन परत आली, असं ती शेजाऱ्यांना सांगत होती. तसं पाहिलं तर ते खरंच होतं.

बाबांच्या हातांना भुकटी लागली होती, कारण त्या दिवशी शिष्या आजारी होती आणि कसोट्या बऱ्याच होत्या. बोलता बोलता त्याच हातांनी दाढी कुरवाळणं चालू होतं. आईची पाळी आली.

"या ताई! पुन्हा कुणाला तपासायचं?"

"याला," म्हणत आईने रुमाल पुढे केला. "पांढरा म्हणून घेतलाय महाराज. खरा पांढरा आहे का रंगवलेला, तेवढं बघा."

हॉलमध्ये हसू फुटलं. बाबाही उदारपणे हसले. "माझं पाणी जिवांसाठी आहे, वस्तूंसाठी नाही."

"कापूस झाडालाच आला होता ना? जीवच की तो!" आणि बाबा पुढे काही बोलायच्या आत आईने रुमाल वाडग्यात बुडवून वर काढला.

रुमाल निळाकाळा झाला होता. आई माइककडे वळली. "अगंबाई! माझ्या रुमालाचं कूळ खोटं निघालं हो!"

आता हसू आवरेना. बाबांनी झडप घालून रुमाल ओढला. पिळवटला गेला तो त्यांच्याच हातात, पाणी मनगटापर्यंत ओघळलं. "मंडळी, शांत व्हा! हा काळ्या शक्तीचा..." आणि त्यांनी सवयीने दाढी कुरवाळली.

देवाशपथ सांगते, नाटकात दाखवलं असतं तर मी म्हटलं असतं, अति झालं! हात जसा खाली आला तशी दाढी निळी होत गेली. हनुवटीपासून टोकापर्यंत निळे पट्टे. बाबांना काही कळेना, ते पुढे बोलतच होते, आणि सगळा हॉल खुर्च्यांवर उभा राहून त्यांच्या दाढीकडे बोट दाखवत होता. पहिल्या रांगेतले एक आजोबा हसता हसता मावशीच्या खांद्यावर पडले.

"महाराज, दाढी खोटी निघाली तुमची!" दादा ओरडला. आमचा दादा! एवढ्या लोकांत! मी बघतच राहिले.

तोवर मी 'खोटे'वाली बाटली उघडून वहिनीची बट शोधून काढली होती. पाच-पन्नास छटांची ती बट मी हजारांत ओळखली असती; आता ती काळी होती, पण आत दोन-चार केस सोनेरी राहिले होते, त्यावरून ओळखली. आईने लिंबू कापलं आणि पिळलं. काळा रंग विरत गेला. खालून वहिनीचे केस आले, मूळचेच सोनेरी, टोकाला उन्हाने फिकटलेले.

"काळा रंग पिठाचा होता," मी म्हणाले. "या मुलीला ज्याने खोटी म्हटलं, खोटा तोच होता."

"पण मातेचे केस तर खरे आहेत ना?" मावशीचा आवाज रडवेला झाला होता. तिला तेवढा तरी चमत्कार हवा होता.

सगळे सोनमातेकडे वळले. ती आसनावर बसून मुकुटाखाली बोट घालून खसाखसा खाजवत होती. बाबा ओरडले, "माते, मौन!" पण तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. दोन्ही हातांनी मुकुट उपटला आणि बाजूला ठेवला.

"आग होते हो नुसती," ती म्हणाली. बिचारीचा आवाज वीस-बावीस वर्षांच्या पोरीसारखाच होता.

मुकुटाखाली बोटाच्या पेराएवढे काळे केस होते. काळं संपायचं तिथून पिवळं सुरू व्हायचं, पट्टीने आखल्यासारखी रेघ. टाळूवर लाल चट्टे आणि फोड.

"महिन्यातून तीन दिवस माझं मौन असतं ना," ती म्हणाली, "तेव्हा लावतात. डोळ्यांतून पाणी येतं त्याच्या वासाने. आता रंग लावायची वेळ झाली होती, पण डोकं सोललंय म्हणून मी नाही म्हटलं. मग मुकुट मोठा केला."

मी तिच्या शेजारी बसले. तिच्या परवानगीने तिचा एक केस ओला करून ताणला. चघळलेल्या च्युइंगगमसारखा लांबला आणि तुटला. "केसातला काळा रंग जाळणारं औषध आहे ते," मी लोकांना सांगितलं. "रंगासोबत केसाचा जीवही जातो. हिच्या हातावरची लव बघा, काळी. भुवयांवर तर पेन्सिल फिरवली आहे. वाट चुकलेला किरण भुवयांपर्यंत पोचला नाही वाटतं."

लोक हसले, पण तिच्यावर नाही. मावशी स्टेजवर चढली. मला वाटलं, आता ही भांडणार. तिने आपली पाण्याची बाटली उघडली, रुमाल भिजवला आणि त्या पोरीच्या टाळूवर अलगद ठेवला. "आधी डॉक्टरकडे चल," ती म्हणाली. "बाकी सगळं मागाहून."

बाबांचं पितळ उघडं पडलं होतं. या गडबडीत ते मागच्या दाराने सटकले. पण निळी दाढी घेऊन माणूस लपणार कुठे? कोपऱ्यावरच्या पोलिसाने फक्त "नमस्कार, कुठे निघालात?" एवढंच विचारलं म्हणे.

आता तुम्ही म्हणाल, झालं, गोष्ट संपली. नाही. खरी कसोटी पुढेच होती.

आई तलावावर गेली. आम्हीही गेलो. वहिनी पाण्यात होती, चिल्ल्यापिल्ल्यांना पाय मारायला शिकवत होती. आम्हाला पाहून ती काठाशी आली, पण वर आली नाही.

"चुकले मी," आई म्हणाली. "तुझे केस खरे आहेत. सगळ्यांसमोर सिद्ध झालं."

"आणि रंगवलेले निघाले असते तर?"

मला वाटलं, आता सगळं फिसकटतंय.

"मला केस पारखून घ्यायला आलेलं माणूस नको, आई," वहिनी म्हणाली. "माझ्या मैत्रिणी केस रंगवतात. हौस त्यांची. त्या काय खोट्या झाल्या?"

आई तिथेच ओल्या फरशीवर मांडी घालून बसली. "नाही," ती हळूहळू म्हणाली. "रंगवलेले असते तर मी म्हटलं असतं, रंग छान बसलाय, कुठून आणलास? तेवढंच म्हणायला हवं होतं. मी तुला विचारलं नाही. वाडग्याला विचारलं. तिथेच माझं चुकलं."

दादा पाण्याच्या कडेला उकिडवा बसला. "मीही काही बोललो नाही," तो म्हणाला. "यापुढे बोलेन. तू मला माफ केलं नाहीस तरी बोलेन."

वहिनीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग तिने दादाच्या तोंडावर भरपूर पाणी उडवलं. चिल्लीपिल्ली खिदळली.

"एका अटीवर," ती आईला म्हणाली. "तुम्ही पोहायला शिकायचं."

सांगायला हसू येतं, पण जन्मभर पाण्यात हात घातलेली आमची आई घोट्यापेक्षा खोल पाण्याला घाबरते. तरी लग्नाआधीच्या शेवटच्या आठवड्यात ती तलावात उतरली. दोन्ही हातांनी कठडा धरून, डोळे मिटून, ओरडत.

"सोडा हात," वहिनी म्हणाली. "पाणी तुम्हाला उचलतं."

आईने एक डोळा उघडला.

"कशावरून?"

काठावर मी टाळ्याच वाजवल्या! वहिनीला हसू आवरेना, पण तिने आईचा प्रश्न टाळला नाही. आईचा हात पाण्यात आडवा धरला, मग सोडला, आणि तो हात आपोआप वर आला. पुन्हा धरला, पुन्हा सोडला. "बघितलंत?" आईने स्वतः दोनदा करून बघितलं. मग तिने कठडा सोडला.

माझं तुमच्याकडे मागणं एवढंच आहे. कुणी सोनं दाखवो, किरण दाखवो, वाडगा दाखवो, तुम्ही आईचा हा एक शब्द विचारा, 'कशावरून?' ज्याच्याकडे उत्तर आहे तो हात धरून दाखवतो. ज्याच्याकडे नाही तो ओरडतो. आणि माणसाबद्दल काही जाणून घ्यायचं असेल, तर त्या माणसालाच विचारा.